ओळख आहे, सोयरीक ठाऊक नाही

भाड्यानं घर मागायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतो? नोकरी कुठं, माणसं किती, मटण शिजवणार का. तंजावूरच्या मेल वीदी नावाच्या रस्त्यावरच्या सेतुरावांनी मला विचारलं, "तुमचे आजोबा कशानें वारले?"

मी साताऱ्याकडचा. इथल्या भात संशोधन केंद्रात मातीचे नमुने तपासायची नोकरी लागली म्हणून येऊन पडलो होतो. तमिळचा गंध नाही. त्या घरात मराठी बोलतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मोठ्या आशेनं जिना चढलो. जिना कसला, शिडीच ती. उभी, अरुंद आणि मध्येच वळणारी. मला धाप लागलेली, आणि समोर झोपाळ्यावर बसलेला उंच, काटकुळा म्हातारा माझ्या आजोबांच्या मरणाची चौकशी करत होता.

"दम्यानं," मी म्हणालो.

"आणि त्यांचे वडील?"

"ठाऊक नाही."

"हें बरें नाहीं," ते खरोखरच हळहळले. "सरि, खालचें घर घ्या. पण पणजोबांचें विचारून कळवा."

मी गावी आत्याला फोन लावला. पणजोबा विहिरीत पडून गेले होते. सेतुरावांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम जालें! विहीर आनुवंशिक नसते."

तेव्हापासून ते माझे सेतुमामा झाले आणि मी त्यांचा सातारकर. माझं खरं आडनाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेल्या आणि परत न गेलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. त्यांची मराठी ऐकली की एखादं जुनं पत्र तमिळ हेल काढून बोलतंय असं वाटे. आयुष्यभर एका कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाले तरी शिकवणं थांबलं नव्हतं, फक्त विद्यार्थी पळून जाण्याचं प्रमाण वाढलं होतं. मला पळता येत नव्हतं, कारण मी खालीच राहत होतो.

घराण्यात आणखी एक काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. तंजावूर भागातल्या मराठी घरांची वंशावळ मामांकडे असे. जाड कागदाची मोडीत लिहिलेली लांबलचक गुंडाळी. प्रत्येक नावापुढं तो माणूस कशानं गेला तेही दोन शब्दांत लिहिलेलं: ज्वर, विंचू, बाळंतपण, 'कावेरीस पूर आला तेव्हां'. घरं थोडी, त्यात मामाची मुलगी करायची चाल, त्यामुळं फांद्या वळून वळून पुन्हा त्याच झाडाला भिडलेल्या. म्हणून निश्चयतांबुलाच्या, म्हणजे आपल्या साखरपुड्याच्या, आधी दोन्हीकडची मंडळी या झोपाळ्यासमोर बसत. मामा दोन्ही घराण्यांच्या पिढ्या मोठ्यानं वाचत. ते ऐकून मगच सुपारी.

त्यात एकही शब्द गाळायचा नाही हा नियम. एकदा वाचन चालू असताना मुलाचे काका उगाच खोकले. पुढच्या ओळीत त्यांच्या आजीच्या नावापुढं 'वेड लागोन' असं होतं. मामा थांबले, काकांना पाणी देवविलं आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून, जरा मोठ्यानं वाचली. लग्न झालं. काका अजून मामांशी बोलत नाहीत.

अडचण एवढीच होती की मामांच्या पश्चात हे वाचणार कोण? इथली मराठी मंडळी घरात मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं तमिळ. देवनागरीही फार थोड्यांना येते, मग मोडी कुठली. मामांची मुलगी तुळजा शाळेत गणित शिकवायची. मराठी सगळं समजे, पण उत्तर तमिळमध्ये. तेव्हा मामांची नजर माझ्यावर गेली. रोज संध्याकाळी मला वर बोलावून त्यांनी मोडी घटवून घेतली. "व्हायरसास यजमान पाहिजे असतो, सातारकर," ते म्हणत. "मजला तुम्ही सांपडलात."

व्हायरस हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. आजचे सर्दी-खोकल्याचे नव्हेत. लाखो, कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरलेले, आणि तेही थेट बीजात शिरल्यामुळं तिथल्या डीएनएमध्ये आपला मजकूर लिहून कायमचे मुक्कामाला राहिलेले. माणसाच्या डीएनएतली शंभरातली सुमारे आठ अक्षरं असल्या जुन्या पाहुण्यांची आहेत, हे ते ज्याला त्याला सांगत. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही.

हे त्यांनी गल्लीतल्या बायकांना समजावलं ते एका नवरात्रात. इकडे नवरात्रात कोलू मांडतात, पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या. मामींच्या, म्हणजे सेतुमामांच्या पत्नीच्या, कोलूत अगदी वरच्या पायरीच्या कोपऱ्यात एक लाकडी बाहुली असे. रंग उडालेला, एक हात तुटलेला. देवी की राणी, कुणालाच माहीत नाही.

"ही कोण?" मामांनी बायकांना विचारलं.

"सासूबाईंच्या आधीपासोन आहे," मामी म्हणाल्या. "टाकवत नाहीं."

"बस्स! दरवर्षीं सगळ्या बाहुल्या मांडायच्या, तेव्हां हिलाही मांडायची. मुलीस कोलू द्यायचा, तेव्हां हीही जायची. कोणी विचारायचें नाहीं. आपल्या डीएनएंतला जुना व्हायरस तो हाच."

"करते काय ती?" एका शेजारणीनं विचारलं.

"पुष्कळदा नुसती उभी. पण कधीं फळी डगमगूं नये म्हणून तिचाच खालीं टेकू देतों. गर्भांतल्या मुलाची वार असते ना, ती बनायला असल्याच एका जुन्या पाहुण्याची जीन कामास येते. तो नसता तर तुम्ही-आम्ही जन्मास आलों नसतों."

"आणि जागी जाली तर?"

मामांनी चष्मा पुसला. "तर काय होतें तें लोक शोधताहेत. काहीं मज्जातंतूंच्या आजारांत, काहीं कॅन्सरांत हे तुकडे जागे दिसतात. पण लक्षांत ठेवा, ओळख असली म्हणून सोयरीक असतेच असें नाहीं."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं म्हणू नये, हे शास्त्रातलं तत्त्व त्यांनी सोयरिकीच्या भाषेत बसवलं होतं. मी एकदा म्हणालो, "पाऊस पडला की माझं डोकं दुखतं." लगेच उत्तर, "ओळख आहे. सोयरीक सिद्ध करा."

आणि बायका गेल्यावर मला हळूच म्हणाले, "आपणही तेच हो. शिरलों फौजेंत, राहिलों स्वयंपाकघरांत. आतां आम्हांस काढून टाकायचें म्हटलें तर तंजावुरास आपला सांबारही आंबट करतां येणार नाहीं." सांबार तंजावूरच्या मराठ्यांच्या स्वयंपाकघरातच जन्मला असं इथं सांगतात. स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या.

त्यांच्या हाताचं पहिल्यांदा लक्षात आलं ते कॉफीमुळं. मामा पेल्यातली कॉफी डवऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीत, आणि डवऱ्यातली पेल्यात अशी दीड हात उंचीवरून ओतत, एक थेंब इकडेतिकडे नाही. माझ्यासाठी तो रोजचा खेळ होता. एका सकाळी धार मध्येच ढळली आणि कॉफी नेसलेल्या पांढऱ्या वेष्टीवर सांडली. "वय," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात सदऱ्याचं बटण लागेना. मग जिन्यात पाऊल अडखळलं.

चेन्नईहून निदान घेऊन आले त्याच दिवशी मामांनी मामी, तुळजा आणि मी अशा तिघांना समोर बसवून स्वतःच्या आजारावर तास घेतला. मोटर न्यूरॉन डिसीज. "मेंदूकडून स्नायूंकडें जाणाऱ्या तारा एकेक करून सुटतात. हात जातात, पाय जातात, गिळणें, बोलणें जातें. पाहणें, ऐकणें, समजणें बहुधा शाबूत. म्हणजे माणूस आंत जागा आणि दारें एकामागून एक लागत जातात. प्रश्न आहेत कोणास?"

मामी उठून आत गेल्या. आतून बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी मामांनी गुंडाळी काढून मला स्वतःच्या घराण्याची पानं दाखवली. दोन नावांपुढं पेन्सिलीचा ठिपका होता. मामांच्या आजोबांची बहीण सोनाबाई आणि मामांचे चुलते. दोघांपुढं एकच मजकूर: 'हातपाय गळोन, वाचा जाऊन'. ठिपके त्यांनीच तरुणपणी, नुसत्या कुतूहलानं दिले होते. तिसरा कुठं पडणार हे आम्हा दोघांना कळलं होतं. मी गुंडाळी नीट गुंडाळून ठेवली.

हा आजार पुष्कळांना घराण्यात काही नसतानाही होतो, काही घराण्यांत मात्र उतरतो. मामांच्या रक्ताची तपासणी झाली, माहीत असलेल्या दोषांपैकी एकही सापडला नाही. "म्हणजे तुळजेस भीति नाहीं," मामी म्हणाल्या. "म्हणजे आपणांस माहीत नाहीं," मामा म्हणाले. त्यांच्या जिभेत तेव्हाच जडपणा आला होता. या आजाराच्या काही रोग्यांच्या मेंदूत त्या जुन्या पाहुण्यांपैकी एक कूळ जागं झालेलं काहींना दिसलं होतं, काहींना शोधूनही दिसलं नव्हतं. ते सगळं ते माझ्याकडून टॅबवर वाचून घेत. जन्मभर ज्याचं कौतुक केलं तो कदाचित आपल्याच घराची दारं लावत असेल, याचा त्यांना राग यायचा की नाही? मी तसं विचारलंही. बोलता येत होतं तेव्हाचं त्यांचं जवळजवळ शेवटचं लांब वाक्य हे: "पाहुण्यावर आळ घेण्याआधीं पुरावा पाहिजे, सातारकर."

मग ते वरच अडकले. त्या जिन्यावरून खुर्ची वळत नाही, स्ट्रेचर वळत नाही. चेन्नईच्या डॉक्टरांची गाठ मग टॅबवरच. खिडकीतून समोरच्या घराची गच्ची आणि वाळत घातलेले कपडे दिसत. दोन वर्षं त्यांनी तेवढंच जग पाहिलं. खाली बसून मी वरच्या झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करी, तो नसे. कधीकधी मला माझ्याच खोलीत कोंडल्यासारखं होई आणि मी उगाचच बाहेर जाऊन तिरुवैयारूच्या बसमध्ये बसे, कावेरीपाशी उतरून परत येई. ते मला जमत होतं याचीही लाज वाटे.

वाचा गेल्यावर तुळजानं वह्यांना घालायच्या पारदर्शक प्लास्टिकवर तमिळ अक्षरं लिहून एक तक्ता केला. तो ती दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरी. मामा ज्या अक्षराकडे बघत ते पलीकडून तिला कळे. 'हो' म्हणायचं असलं की नजर वर, 'नाही' असलं की डोळे घट्ट मिटलेले. अक्षरं तमिळ, भाषा मराठी, एका शब्दाला मिनिट लागे. मामींना ते कधी साधलं नाही. त्या तक्ता धरत आणि रडू लागत, मग समोरचं काय दिसणार. मला थोडंफार जमे. तुळजाला मात्र तीनचार अक्षरांत शब्द कळे.

अशातच तुळजाला कुंभकोणमचं स्थळ आलं. मुलगा रघू, त्यांच्यातलाच, चांगला शिकलेला. दोघं एकमेकांना आवडली होती. तुळजा जिन्यात फोनवर बोलताना हसायची ते खाली ऐकू यायचं. त्या घरात दुसरं हसणं उरलंच नव्हतं. रघूच्या घरच्यांना मामांचा आजार माहीत होता, पण एकट्यालाच झालेला दुर्दैवी आजार म्हणून. आता रिवाजाप्रमाणं वंशावळ वाचायची होती, आणि वाचता येणारा मीच उरलो होतो.

आदल्या दिवशी मामी माझ्या दारात आल्या. चार वर्षांत त्या पहिल्यांदाच जिना उतरून माझ्याकडे आल्या होत्या.

"दोन ओळी," त्या म्हणाल्या. "सोनाबाईची आणि चुलत्यांची. नांव वाचा, पुढचें नका. कोणास वाचतां येतें? तुम्ही, मी, देव, एवढ्यांस ठाऊक."

"आणि मामा?"

"ते बोलूं शकत नाहींत," मामी म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी पदर तोंडाला लावला. "शास्त्रासच नक्की ठाऊक नाहीं म्हणतां ना? मग माझ्या मुलीनें कां अडकावें?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आली. मामांचा पलंग झोपाळ्याशेजारी आणला होता, उशांना टेकवून त्यांना बसतं केलं होतं. तुळजा निळी रेशमी पट्टुसाडी नेसून त्यांच्या उशाशी. रघू, त्याची आई, दोन नातेवाईक समोर. आधी मी त्यांचं घराणं वाचलं. मग मामांचं. सोनाबाईचं नाव आलं. मी नाव वाचलं आणि पुढच्या नावावर गेलो. आवाज कापला नाही, याचा मला आजही राग येतो.

दोन ओळी पुढं गेलो तर तुळजा तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा काहीतरी म्हणताहेत."

"पाणी पाहिजे असेल," मामी चटकन म्हणाल्या.

तुळजानं तक्ता धरला. मामांची नजर एका अक्षरावरून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. मी गुंडाळीवर डोळे ठेवून बसलो, कारण मला न बघताच कळलं होतं. तुळजा एरवी तीन अक्षरांत शब्द ओळखणारी, पण त्या दिवशी तिनं शेवटच्या अक्षरापर्यंत तक्ता धरून ठेवला. मग खाली ठेवला आणि मराठीत, सावकाश म्हणाली, "ओळ गाळली. पुन्हां वाचा."

चार वर्षांत तिच्या तोंडून मी सलग मराठी पहिल्यांदा ऐकली, आणि तीही तिची नव्हती, वडिलांची होती.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सोनाबाई, हातपाय गळोन, वाचा जाऊन. चुलते, हातपाय गळोन, वाचा जाऊन. रघूच्या आईनं पलंगाकडे पाहिलं, मग तुळजाकडे.

"म्हणजे रक्तांत आहे?" तिनं विचारलं. वाईट बाई नव्हती. तिला एकच मुलगा होता.

तक्ता पुन्हा वर गेला. या वेळी फार वेळ लागला. बाहेर टाउनबसचा हॉर्न दोनदा वाजून गेला. तुळजा एकेक शब्द जोडत गेली: "ओळख आहे. सोयरीक ठाऊक नाहीं."

त्यांनी कॉफी घेतली. अमावास्या झाल्यावर कळवतो म्हणाले. अमावास्या झाली, मग पौर्णिमाही झाली. रघूचे फोन आधी कमी झाले आणि मग बंद.

मामी पलंगाजवळ उभ्या राहून एकदाच बोलल्या. मी औषधं द्यायला वर गेलो होतो म्हणून ऐकलं. "खरें बोलून तुम्ही सुटलांत," त्या म्हणाल्या. "आम्ही अडकलों." मामांनी नजर वरही केली नाही आणि डोळेही मिटले नाहीत. ते नुसते बघत राहिले. त्यांच्या बाजूनं बोलावं की मामींच्या, मला ठरवता आलं नाही. अजूनही ठरलेलं नाही.

तुळजाला मी जिन्यात गाठलं. माझा अपराध मला पोखरत होता. म्हणालो, "तू 'पाणी' म्हणाली असतीस तरी कुणाला कळलं नसतं."

ती तमिळमध्ये बोलली, पण मला तोवर समजायला लागलं होतं. "आज त्यांचं म्हणणं मी बदललं," ती म्हणाली, "तर उद्या त्यांना खरंच पाणी हवं असेल तेव्हा मी कोण? त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय, आणि ते माझ्या हातात आहे." मग रुमालानं नाक पुसून ती शाळेला गेली. तिची बस चुकत होती.

माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी वर गेलो तेव्हा मामांनी नजरेनंच गुंडाळी मागितली. तुळजानं ती पलंगावर उलगडली. तक्त्यावरून त्यांनी मला सांगितलं: लिहा. त्यांच्या स्वतःच्या नावापुढची जागा रिकामी होती. जिवंत माणसापुढं लिहीत नाहीत, मी म्हणालो. त्यांची नजर वर गेली आणि वरच राहिली. तेव्हा मी मोडीत, त्यांनीच शिकवलेल्या वळणानं लिहिलं: 'सेतुराव. हातपाय गळोन, वाचा जाऊन'. पेन्सिलीचा तिसरा ठिपका दिला. अक्षर त्यांनी बारकाईनं तपासलं आणि नजर वर केली. पास.

खाली तुळजाचं नाव होतं. जन्मसाल, आणि पुढं कोरा कागद. बदलीच्या गडबडीत की सवयीनं, कोण जाणे, पेन्सिलीचं टोक माझ्याकडून तिकडं सरकलं. विचारणार होतो, इथं काही खूण करायची का, निदान प्रश्नचिन्ह.

मामांनी डोळे मिटले. इतके घट्ट की कपाळाला आठ्या पडल्या. ज्या शरीरात हलण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यानं सगळा जोर त्या दोन पापण्यांवर आणला होता. मी पेन्सिल खाली ठेवली, तरी मिटलेलेच. गुंडाळी बांधली, तरी मिटलेलेच. तुळजा म्हणाली, "अप्पा, ठेवली त्यांनी. काही लिहिलं नाही." तेव्हाही नाही.

मी जिन्याच्या वळणावरून मागं पाहिलं तेव्हा तिनं त्यांचा हात हातात घेतला होता आणि ते अजून नाही म्हणत होते.